समोरची उशी

१

बुधवार आणि शनिवार हे माझे चक्कीचे दिवस. बाकीच्या दिवशी मी काय करत होते असं कुणी विचारलं, तर मला पटकन सांगता येणार नाही. नॉर्मनला, माझ्या नवऱ्याला, जाऊन दोन हिवाळे झाले होते. मूलबाळ नाही. बहीण न्यूझीलंडला, तिचा फोन नाताळात. सकाळी अंडं उकडायचं, ते एकटीने खायचं, मग रेडिओ लावून बातम्या देणाऱ्याला उलट उत्तरं द्यायची, असं चाललं होतं. एकदा मी न्हाणीघरात पाय घसरून पडले आणि बराच वेळ तशीच फरशीवर पडून राहिले. फारसं लागलं नव्हतं. पण पडल्यापडल्या माझ्या मनात हाच विचार, की मी इथेच राहिले तर सगळ्यात आधी कुणाच्या लक्षात येईल? दूधवाल्याच्या, असं उत्तर निघालं. आणि आमचा दूधवाला काही रोज येत नाही.

त्याच आठवड्यात मी चक्कीच्या मंडळात नाव घातलं.

थ्रशगिलची जुनी पाणचक्की माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसते. मध्ये फक्त ओढा आणि त्यावरचा दगडी साकव. मी लहानपणापासून ती बंदच पाहिलेली, छपरावर शेवाळ आणि चाकात झुडपं. आता गावाने ती विकत घेतली होती आणि आम्ही निवृत्त मंडळी ती पुन्हा चालू करायला निघालो होतो. डेस्मंड आमचा म्होरक्या. पाणीपुरवठ्यातून निवृत्त होऊनही त्याच्यातला साहेब काही निवृत्त झाला नव्हता. मार्जरीकडे चहा आणि टोमणे ही दोन खाती. आणि लेन, जो जन्मभर पेन्रिथची बस चालवत आला. बायको कधी नव्हती, बोलणं बेताचं. संध्याकाळी निघताना मात्र जिन्याखालून थांबा पुकारल्यासारखा ओरडायचा, "चला बेरिल, निघालो!"

मला चाकातलं, दगडातलं काही कळत नव्हतं आणि खरं सांगायचं तर पर्वाही नव्हती. मी आले नाही तर "अरे, बेरिल कुठाय?" असं कुणीतरी म्हणेल, एवढंच मला हवं होतं.

२

"बेरिल, तू दाताच्या डॉक्टरकडे होतीस ना?" डेस्मंड म्हणाला. "मग दगड तुझा. तुझा हात थरथरत नाही."

"दाताला निदान तोंड असतं," मी म्हटलं. "दुखलं तर ओरडतं तरी."

"मग तुला हाच बरा," मार्जरी म्हणाली. "गिऱ्हाईक ओरडायचं नाही."

वरच्या मजल्यावर जात्याचा वरचा दगड यारीने उचलून, उलटा करून ठेवला होता. सहा माणसं जेवायला बसतील एवढा. वर्षानुवर्षं दळून दळून त्याचं पोट गुळगुळीत झालेलं, त्याला पुन्हा टाकी लावायची होती. शिकवायला यॉर्कशायरहून एक माणूस एक दिवस आला आणि त्याने पद्धत दाखवली. एका सरळ लाकडी पट्टीला गेरू फासायचा आणि ती पट्टी दगडावरून हलक्या हाताने फिरवायची. दगड जिथे उंच असेल तिथे गेरू लागतो. गेरू लागला की तिथे टाकीने टोचायचं. पुन्हा पट्टी फिरवायची, पुन्हा जिथे लाल दिसेल तिथे टोचायचं. असं करत करत एक वेळ अशी येते की पट्टीला कुठेच काही लागत नाही. मग तो भाग झाला, पुढच्या भागाकडे सरकायचं.

हे काम आडवं पडून करतात. कोपराखाली कोंडा भरलेली उशी घ्यायची आणि कुशीवर रेलून टाकी आपटायची. आणि करायचं ते दोघांनी, समोरासमोर. एकाचा ठोका पडला की दुसऱ्याचा, मधल्या वेळेत.

"दोघांनी एकाच दिशेने सरकायचं, घड्याळाच्या काट्यासारखं," तो म्हणाला. "म्हणजे मध्ये अर्धा दगड कायम राहतो. जवळ यायचं नाही. टाकीची कपची उडते. समोरच्याची कपची येईपर्यंत मरते, शेजारच्याची कातडीत शिरते." त्याने हाताची मागची बाजू दाखवली. कातडीखाली निळेकाळे ठिपके होते, बारीक पोलादाचे. "हे आता माझ्याबरोबरच पुरायचं," तो म्हणाला.

मार्जरीने जुन्या पडद्याच्या कापडाच्या दोन उशा शिवल्या. माझ्या समोर डेस्मंडचा मेहुणा बसणार होता, पण पहिल्याच दिवशी त्याच्या गुडघ्याने दगा दिला आणि तो परत फिरकलाच नाही. त्याची उशी समोर तशीच राहिली. बाकी सगळे खाली चाकाच्या खड्ड्यात, नवी पाती ठोकत. वर मी, एक छोटी खिडकी आणि तो दगड. माणसांत राहायला म्हणून आले होते आणि पुन्हा एकटीच पडले. हसू आलं मला, पण फार नाही.

३

नोव्हेंबर असेल. मी कानाचं यंत्र काढून खिशात ठेवलं होतं, कारण टाकीचा आवाज त्यातून गेला की डोक्यात घण पडतो. यंत्राशिवाय मला माझाच ठोका दुरून आल्यासारखा ऐकू येतो. तर मी टोचत होते आणि मधल्या वेळेत दुसरा ठोका पडत होता.

हे लक्षात यायलाच मला बराच वेळ लागला. घड्याळाची टिकटिक जशी सुरू असताना नव्हे, थांबल्यावर कळते, तसंच हेही. मी नाक पुसायला थांबले. तो थांबला नाही. टक, मग रिकामी जागा, मग टक. त्या रिकाम्या जागेत माझा ठोका बसायचा.

खालचे लोक खिळे ठोकत असतील, असं मी ठरवलं. मग आठवलं, खालचे सगळे जेवायला घरी गेलेत. मग ठरवलं, प्रतिध्वनी. पण मी काही करत नसताना प्रतिध्वनी कसला यायचा? शेवटी म्हटलं, बेरिलबाई, कान गेलेत, आता ते स्वतःची करमणूक करून घेतायत. हे मला सगळ्यात जास्त पटलं, कारण त्यात दुसरं कुणी नव्हतं.

एक गोष्ट मात्र पटत नव्हती. यंत्राशिवाय माझा स्वतःचा ठोका मला दबका ऐकू येत होता. तो दुसरा अगदी स्वच्छ ऐकू येत होता, जसे मला तरुणपणी आवाज ऐकू यायचे.

मी पुन्हा टाकी उचलली. दोघांचा ताल लगेच जमला.

४

डिसेंबरात डेस्मंड वर आला, चष्मा कपाळावर चढवून दगडाभोवती फिरला आणि समोरच्या बाजूला थांबला.

"हे कधी केलंस?" त्याने विचारलं.

समोरचा सगळा भाग टोचून झाला होता. रेघा इतक्या बारीक आणि सारख्या की माझ्या रेघा त्यांच्यापुढे कोंबडीने उकरल्यासारख्या दिसत होत्या. मी त्या बाजूला गेलेच नव्हते.

"जमलं तसं," मी म्हणाले.

"बाई, तू कमाल आहेस," डेस्मंड म्हणाला. डेस्मंडने कुणाला बरं म्हटल्याचं गावाला आठवत नाही. खाली जाऊन त्याने सगळ्यांना सांगितलं. लेनने जिन्याखालून टाळ्या वाजवल्या.

मी खरं का सांगितलं नाही? भीती वाटत होती म्हणून नाही. मला बरं वाटत होतं म्हणून. घरातून निघताना आता माझी पावलं भरभर पडत होती. जिना चढून मी टाकी उचलली की पहिल्या ठोक्याला उत्तर यायचं. माझी वाट बघत असल्यासारखं.

मी बोलायला लागले. आधी हवापाण्याचं, मग बहिणीचं, मग नॉर्मनचं. नॉर्मन अंडं फोडायचा तो चमच्याने एकच ठोका देऊन, मग थांबून, मग दुसरा. इतकी वर्षं मी त्या आवाजावर चिडत आले आणि तो गेल्यावर दोन अंडी उकडून एक टाकून देत होते, हेही मी त्या दगडाला सांगितलं. मार्जरीकडून मी दोन चहा मागून घ्यायला लागले.

"वर कुणाला लपवलंयस गं?" मार्जरी म्हणाली. "तरुण आहे का निदान?"

"तुझ्याहून," मी म्हटलं.

दुसरा कप मी समोरच्या उशीशेजारी ठेवायची. तो तसाच थंड व्हायचा. ओतून देताना तळाशी दगडाची बारीक पूड बसलेली असायची, बोटभर जाड. माझ्या कपात कधी कणही पडत नव्हता. मी यावर फार विचार केला नाही. जी गोष्ट हवीशी असते तिला माणूस फार प्रश्न विचारत नाही.

नाताळच्या आधी मात्र एकदा राहवलं नाही. मी टाकी खाली ठेवली आणि म्हटलं, "नॉर्मन, तू असलास तर एक ठोका चुकव. एवढंच कर."

टक. टक. टक. मी वाट बघत राहिले. ठोका चुकला नाही. लवकर पडला नाही, उशिरा पडला नाही. मी इतके आठवडे बोलत होते, रडलेही होते एकदा, आणि त्याने एकदाही ऐकायला म्हणून टाकी थांबवली नव्हती. बोलताना थांबत होते ती मीच.

तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं की समोरची उशी आता समोर नव्हती. मध्ये अर्धा दगड राहायला हवा होता, तिथे आता जेमतेम पाव होता. मी गप्पा मारत रेंगाळले होते आणि ती घड्याळाच्या काट्यासारखी, मी जिथून सरकत होते तिथून, माझ्या पाठीमागून येत होती.

५

नाताळ झाला आणि मला छातीचा खोकला धरला. डॉक्टरीणबाईंनी घराबाहेर पाऊल टाकू नका म्हणून बजावलं. मी अंथरुणात पडून खिडकीतून चक्कीकडे बघत होते. फोन उशाशी ठेवला होता. आज बुधवार, आज डेस्मंड फोन करील. आज शनिवार, आज मार्जरी सूप घेऊन येईल आणि ते खारट असेल. मी आल्यागेल्याला बसायला म्हणून खुर्चीवरचे कपडेसुद्धा उचलून ठेवले होते.

फोन वाजला नाही. कुणी आलं नाही. एक आठवडा गेला, दुसरा गेला. न्हाणीघराच्या फरशीवर जे उत्तर निघालं होतं तेच पुन्हा निघालं, आणि या वेळी ते जास्त लागलं. मी उशीत तोंड खुपसून रडले. एवढी वर्षं राहिलेल्या गावात मी आहे की नाही याचं कुणाला काही नव्हतं.

बरी झाल्यावर मी गेले ती भांडायच्या तयारीनेच. पण मी तोंड उघडायच्या आत मार्जरीच फुगून बसलेली.

"आलात का खाली, महाराणी?" ती म्हणाली. "खालून बोंबलून बोंबलून घसा बसला माझा, चहा झाला, चहा झाला. ओ तरी द्यायचीस."

"मी आजारी होते," मी म्हणाले. "घरी होते. दोन आठवडे."

मार्जरी हसली. मग तिने डेस्मंडकडे बघितलं. "ही घरी होती म्हणे."

"बेरिल, आम्ही दर वेळी ऐकत होतो तुला," डेस्मंड म्हणाला. "टकटक, टकटक. सकाळी आम्ही यायच्या आधी तू हजर. मी तर म्हटलं, हिला आता त्रास देऊ नका, कामाला जुंपलीय बाई."

लेन म्हणाला, "मी तुझा चहा जिन्याच्या पायरीवर ठेवत होतो. कप परत यायचा. पण धुऊन ठेव ना गं, तळाशी वाळू असते सगळी."

मी तिथल्या बाकावर बसले. त्यांना माझी आठवण आली नव्हती असं नाही. त्यांच्या लेखी मी तिथून गेलेच नव्हते. माझी जागा रिकामी राहिली असती तर ते आले असते, लेन तर नक्कीच आला असता. माझी जागा रिकामी राहिलीच नव्हती.

वर जाऊन पाहिलं. दगड जवळजवळ पुरा झाला होता, एकच फाक उरली होती, मी जिथे काम सोडलं होतं तिथली. माझी उशी तिथेच होती. दुसरी उशी तिला खेटून होती आणि तिच्यात कोपराचा खड्डा पडलेला होता. मी हात लावला नाही. पण मी उभी असतानाच त्या खड्ड्याच्या कडेचा कोंडा सुरसुर करत आत सरकला, जसं कुणी तिथे भार देऊन टेकावं.

मी खाली आले.

६

"तोंड पूस जरा," मार्जरी म्हणाली. तिचा राग एव्हाना गेला होता. "गालाला काय लागलंय?"

मोरीजवळच्या आरशात मी बघितलं. उजव्या गालाच्या हाडावर लाल पट्टा होता. कपाळाच्या कडेला एक, आणि नाकाच्या शेंड्यावर एक. तिन्ही अगदी एका रेषेत, पट्टी लावून ओढल्यासारखे. कोट काढला तर उजव्या खांद्याच्या हाडावर ब्लाउजलाही तसाच डाग होता.

गेरूचा डबा मी आजारी पडायच्या आधी बंद केला होता. त्या सकाळी मी त्याला शिवलेही नव्हते. पट्टी कुठे आहे ते मला माहीतही नव्हतं.

मी तोंड धुतलं. बराच वेळ धुतलं. डोक्यात एकच वाक्य फिरत होतं, जे मी चक्की बघायला येणाऱ्या शाळेच्या मुलांना दर वेळी सांगायची. जिथे लाल दिसेल तिथे उंच आहे, आणि जिथे उंच आहे तिथे टोचायचं.

"मी आता वर जाणार नाही," मी डेस्मंडला सांगितलं.

"अगं, एक फाक राहिलीय. शनिवारी यारीवाला येतोय दगड बसवायला. परत तारीख मिळायची नाही त्याची."

"नाही जमणार. माझा हात दुखतो."

"बेरिल..."

"मी करतो," लेन म्हणाला. "उरलंय ते मी करतो. तिने सगळं केलं, शेपूट तेवढं मला जमेल."

तेव्हाच मी बोलायला हवं होतं. पण काय बोलणार? लेन, वर कुणीतरी आहे आणि त्याने मला मोजलंय? मार्जरी मान वाकडी करून माझ्याकडे बघत होती, जसं आपण म्हाताऱ्या होत चाललेल्या माणसाकडे बघतो. मी ते बोलले असते तर सगळे माझ्याशी फार प्रेमाने वागले असते, आणि मग मला कुणी जिना चढू दिला नसता, आणि मग बुधवार नाही आणि शनिवारही नाही. या जगात माझं जे काही होतं ते एवढंच होतं.

लेन टाकी घेऊन वर गेला. 

७

लेनचा ठोका जड होता. पहिले काही एकटेच पडले. मी चहाचे कप विसळत होते आणि मोजायचं नाही म्हणत मोजत होते. मग मधल्या वेळेत दुसरा पडला.

"ऐक," डेस्मंड खूश होऊन म्हणाला. "दोन माणसांचं काम करतोय गडी."

मी कप ठेवला. जिना चढायला लागले. त्या जिन्याच्या पायऱ्या उंच आहेत. डोकं मजल्याच्या पातळीवर आलं आणि मी तिथेच थांबले.

लेन माझ्या उशीवर रेलला होता, पाठ माझ्याकडे. तो शीळ घालत होता. शेजारची उशी पार चेपली होती, इतकी की खालच्या फळ्यांचा आकार तिच्यावर उठला होता. खिडकीतून दुपारचा उजेड येत होता आणि त्यात दगडाची पूड तरंगत होती. एके ठिकाणी ती तरंगत नव्हती. तिथे ती कशाला तरी वळसा घालून जात होती.

लेनच्या मानेवर पट्टी टेकलेली होती.

ती हळूहळू फिरत होती, दगडावरून फिरवतात तशी, हलक्या हाताने. लेनने माशी हाकलावी तसा एकदा खांदा उडवला. पट्टी उचलली गेली, थांबली, पुन्हा टेकली. तिच्या दुसऱ्या टोकाला हात होता. मी हात म्हणते, कारण दुसरा शब्द नाही. त्यावर निळेकाळे ठिपके इतके होते की मूळ रंग उरला नव्हता. आणि पेरं नव्हती. नखं नव्हती. पट्टीला आडवं येईल असं त्यावर काहीच नव्हतं, सगळं टोचून सपाट केलेलं, आणि त्या सपाटीवर बारीक, सारख्या, सुंदर रेघा.

त्याच्यावर, मनगटाच्या वर, मी बघितलं नाही.

"लेन," मी म्हणाले. माझा आवाज कसा काय साधा निघाला मला माहीत नाही. "मला चक्कर येतेय. मला घरी सोड. आत्ता."

लेन लगेच उठला. बसमध्ये कुणी आजारी पडलं तर तो असाच उठत असणार. "धर माझा हात," तो म्हणाला. "सावकाश. पायरी बघ."

आम्ही उतरलो. वर एकदम शांत होतं.

८

मी त्याला टेबलाशी बसवलं आणि चहा टाकला. नॉर्मन गेल्यापासून त्या खुर्चीत कुणी बसलं नव्हतं. लेनच्या मानेवर मणक्याच्या प्रत्येक हाडावर लाल ठिपका होता, वरपासून खालपर्यंत. मी फडकं कोमट पाण्यात भिजवून ते पुसलं. गेरू निघाला. त्याच्याखाली कातडीत दोनतीन बारीक निळे कण दिसले, ते निघाले नाहीत.

"कधी लागलं कुणास ठाऊक," लेन म्हणाला. तो हलला नाही. कुणी मान पुसून दिल्याची त्याला सवय नसावी. मग म्हणाला, "खरं सांगू? वर मला जरा बरं वाटत होतं. कुणी सोबतीला असल्यासारखं."

"मला माहीत आहे," मी म्हणाले. "परत जाऊ नकोस. माझ्यासाठी म्हणून जाऊ नकोस."

त्याने कारण विचारलं नाही. शनिवारी यारी आली आणि एक फाक टोचायची राहिलेली तशीच ठेवून दगड पुन्हा सुलटा करून खालच्या दगडावर बसवला. डेस्मंड कुरकुरला, पुढच्या हिवाळ्यात पुन्हा उचलू म्हणाला. वसंतात चाक फिरलं, बँड वाजला. पिठात थोडी कचकच होती. मार्जरीने केक केले आणि वाटताना प्रत्येकाला सांगितलं, "दात पडले तर बेरिलला विचारा, ती दातांत होती." मी पोटभर हसले. लेन माझ्या शेजारी उभा होता.

आता तो रविवारी येतो. येताना फोन करतो, निघालो म्हणून. एका रविवारी त्याला सर्दी झाली होती तर मीच त्याच्याकडे सूप घेऊन गेले. मी पडले, घसरले, उठलेच नाही, तर आता लेनला कळेल. सोमवार उजाडायच्या आत कळेल. हे सुख किती मोठं आहे ते ज्याच्याकडे नाही त्यालाच समजेल.

परवाच्या रविवारी तो असाच बसला होता. दुपारचं ऊन टेबलावर आलेलं. माझ्या कानाच्या यंत्रातली बॅटरी संपली होती म्हणून ते मी बशीत काढून ठेवलं होतं. लेन बोलतो मोठ्याने, बसवाल्याची सवय, त्यामुळे अडत नव्हतं. तो कुठल्याशा घाटात बर्फात अडकलेल्या बसची गोष्ट सांगत होता आणि मी त्याच्या तोंडाकडे बघत होते.

ओढ्यापलीकडून ठोका आला. स्वच्छ, जसे मला तरुणपणी आवाज ऐकू यायचे.

रविवारी आता चक्कीला कुलूप असतं. किल्ली डेस्मंडकडे. दोन्ही दगड एकावर एक बसवलेले, त्यांच्यामध्ये कागद जाईल एवढीच फट. टक. रिकामी जागा. टक. मी गोष्टीकडे लक्ष द्यायचा प्रयत्न केला. त्यातली एक बाई बाळंत होणार होती आणि रस्ता बंद होता.

मग मला लेनचा हात दिसला. तो बोलत होता आणि त्याचं त्याला भान नव्हतं. त्याचं एक बोट टेबलावर पडत होतं, उठत होतं, पडत होतं. मला त्याचा आवाज येत नव्हता, यंत्र बशीत होतं. पण मला दिसत होतं. ते बरोबर मधल्या वेळेत पडत होतं.

"काय झालं?" लेन म्हणाला. "अशी का बघतेस?"

मी हात पुढे करून त्याच्या हातावर ठेवला, घट्ट. तो लाजला आणि हसला. त्याची बोटं माझ्या हाताखाली निमूट पडून राहिली.

ओढ्यापलीकडून ठोका पडला. मग मधल्या वेळेतला ठोका पडला. तोही मला स्वच्छ ऐकू आला, आणि तो लेनच्या खुर्चीमागून आला.